डिकीतला मान

मोटारीतलं ट्रॅक्शन कंट्रोल घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं असतं. ते घसरू देत नाही. कधीकधी हलूही देत नाही.

निवृत्त सुभेदार लालासाहेबांची नवी गाडी पाटाचं पाणी फुटून झालेल्या पाणंदीतल्या राड्यात रुतली, तेव्हा या यंत्रणेनं कर्तव्य चोख बजावलं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ती इंजिनाचा जोर काढून घ्यायची. परिणामी गाडी एकदाही घसरली नाही. (पुढेही गेली नाही, पण ते त्या यंत्रणेचं खातं नव्हे.)

मागच्या सीटवर सून संयोगिता, मांडीवर तान्ही क्रांती. संयोगिताला दुपारच्या आत कडेगावच्या शाळेत रुजू व्हायचं होतं; नाहीतर नोकरी पुढच्या उमेदवाराला जाणार होती. गाडीबरोबर आलेलं पुस्तक घरात तिनं एकटीनंच वाचलं होतं, लेकीला पाजता पाजता.

"आबा, चिखलात त्ये बंद करायचं असतंय. बटण दाबून धरा, मग चाक फिरंल."

"सेफ्टी बंद करायची? फौजेत असलं कवा शिकवलं न्हाई आमाला."

मग रीतीप्रमाणे भावकीला फोन गेला. ट्रॅक्टर रुतला की माणसं मागे बसवून चाकावर वजन आणतात. त्याच शास्त्रानं डिकी उघडून वजन भरायचं ठरलं. आणि वजन म्हटलं की मान आला. आधी थोरले चुलते, मग माजी सरपंच, मग जावई. (जावई काटकुळा, पण मानात त्याला क्विंटलभर धरतात.) थोरल्या चुलत्यांना टोपीसाठी परत घरी जावं लागलं. ही गाडी ओढतात पुढची चाकं. मागे मान वाढत गेला तशी पुढची चाकं हलकी होत गेली.

"वजन कमी पडतंय, काका," पुतण्या वीरधवल म्हणाला. "मामाकडच्यास्नी बी बोलवूया."

ऊन डोक्यावर यायला लागलं. संयोगिता लेकीच्या टाळूवर ओढणी धरून उतरली.

"आवं आबा, मानाची माणसं अशी पाठीमागं, पोत्यांगत? बघणारं काय म्हणत्याल?"

मंडळी टोप्या सावरत डिकीतून उतरली. मग सगळा मान बॉनेटवर चढला, जावई मधोमध.

"आन् हिला तुमीच घ्या. तुमच्याबिगर गप ऱ्हात न्हाई."

नात हातात आल्यावर सुभेदारांना स्टिअरिंग सोडून मागच्या सीटवर यावं लागलं. संयोगिता त्यांच्या जागी बसली. बटण दाबून धरलं, दुसरा गिअर, पाय हलका. राडा उडाला आणि गाडी निघाली. समोर पांढऱ्या विजारींखेरीज काही दिसत नसल्यानं डोकं खिडकीबाहेर. मऊ जमिनीवर मध्येच थांबायचं नसतं, म्हणून ती थेट डांबरापर्यंत थांबली नाही. वाटेत माजी सरपंचांनी सवयीनं दोघा वाटसरूंना नमस्कारही केला.

डांबरावर तिनं यंत्रणा पुन्हा चालू केली, मंडळींना हात देऊन उतरवलं आणि मागे पाहिलं. क्रांतीनं आजोबांची मिशी मुठीत धरली होती, रडत नव्हती. त्याचं थोडं वाईट वाटून घेऊन ती वेळेत रुजू झाली.

संध्याकाळी बॉनेटवरच्या मंडळींचा सत्कार झाला. लालासाहेब भाषणात म्हणाले, "यंत्राच्या नादी लागू नगा. शेवटी वजनच कामाला येतंय."

आपण हसलात, छान. आता त्या दिवशी आपण कुठे बसला असता तेवढं सांगा: डिकीत की बॉनेटवर? चालकाची जागा भरलेली आहे.