बरणीतली बाळंतीण

सापसुरळीच्या खालच्या पापणीत मधोमध एक पारदर्शक ठिपका असतो. मातीत शिरताना ती डोळे मिटते, तरी तिला अंधुक दिसतं. तिच्यावर संशोधन करणाऱ्या सूनबाई मात्र सतरा दिवस डोळे फाडून बसल्या होत्या आणि त्यांना काहीच दिसलं नव्हतं!

प्रबंध सहा वर्षं रखडला होता. मातीत राहणारी ही बोटभर सापसुरळी आपली अंडी राखते का, एवढंच पाहायचं होतं. सर विचारत, "कधी देणार?" सूनबाई म्हणत, "एकच निरीक्षण राहिलंय." आता सरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "मी निवृत्त होतोय. महिनाअखेर प्रबंध आला नाही, तर दुसरा मार्गदर्शक शोध!"

"पुरावाच दाखवते, सर," सूनबाई ऐटीत म्हणाल्या. "मादी घरी ट्रेमध्ये आहे. उद्या चारला या."

सर आले. सूनबाईंची वही बघून खूश झाले. सतरा पानं, मोत्यासारखं अक्षर: 'हालचाल नाही. मादी बहुधा अंड्यांवर.' सूनबाईंनी चमच्याने हलकेच माती उकरली. एक थर, दुसरा थर... आणि चमचा खणकन तळाला लागला!

"पळाली?" सर ओरडले.

"झाकण घट्ट होतं, सर!"

"अगं, ती माती मी रोप लावायला काचेच्या बरणीत घातली," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मैद्यासारखी मऊ! ट्रेमध्ये अंगणातली भरली."

"आई! कधी?"

"सतरा दिवस झाले. दुसऱ्याच दिवशी बरणीत ही दिसली. सांगायला आले, तर म्हणालीस, 'शू! निरीक्षण चाललंय!' तिसऱ्या दिवशीही तेच. मग म्हटलं, बाळंतिणीकडे आपणच बघावं."

त्यांनी बरणी आणली. काचेला टेकून चार अंडी, भोवती वेटोळं घालून सापसुरळी, माहेरी आल्यासारखी निवांत! सोबत कॅलेंडरचं पान.

सर मोठ्याने वाचू लागले, "'चौथा दिवस. मुंगी आली, खाल्ली. सातवा. पाणी घालताना अंडं घरंगळलं, हनुवटीने परत आणलं. नववा. मी मुद्दाम काडीने सरकवलं. पुन्हा आणलं. रागावली असावी.'" त्यांनी चष्मा काढला. "हे तर अख्खं प्रकरण झालं! आता काय राहिलं?"

सूनबाईंच्या ओठांवर सवयीने 'एकच' आलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"काही नाही, सर," सूनबाई म्हणाल्या. "सोमवारी प्रबंध देते."