धुक्यात उलटी जॅकेटं

आधीच सांगून ठेवतो, इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर मी हरवूच शकत नाही! तीस वर्षं माझी सासुरवाडी आहे ही. इथला दगड न् दगड मला नावाने ओळखतो.

दिवस पहिला

ओकचं रान. खडकांवर इतकं जाड शेवाळ, की कुणाच्या तरी गादीवर बूट घालून चढलोय असं वाटून मी दोनदा मनातल्या मनात माफी मागितली. पुढे सासरे, सायलस हॅनाफर्ड, वय एक्याऐंशी. मागे मी. (मागे म्हणजे लक्ष ठेवायला!)

माझ्या बायकोची, रोवेनाची, अट सरळ होती. बाबांनी माळावरून समुद्रापर्यंतची चार दिवसांची वाट स्वतःच्या पायांनी पुरी केली, तर माळावरच्या घरात खुशाल एकटं राहावं. नाहीतर मुकाट्याने एक्सेटरला आमच्याकडे यायचं.

"खोली कुठली देणार मला?" सायलसनी विचारलं. "शेजाऱ्याची गाडी दिसते ती?"

"चांगली गाडी आहे, बाबा."

"मग तुम्हीच बघत बसा, जावईबापू!"

दिवस दुसरा

धुकं.

नुसतं 'धुकं' लिहून भागणार नाही. हात लांब केला, तर त्याचं पुढे काय झालं हे कळायला तो परत आणावा लागत होता!

"डावीकडे!" मी ठणकावून म्हणालो. तासाभराने खडकांचा एक ढीग आला. "बघा, आलो की नाही?"

"सकाळीही आलो होतो," सायलस म्हणाले. "ही तुमच्या अंड्याची टरफलं."

पुन्हा डावीकडे. पुन्हा तासभर. पुन्हा टरफलं!

मग मी एक पाप केलं. "जरा आडोशाला जाऊन येतो," म्हणून खडकामागे गेलो आणि बचाव पथकाला फोन लावला.

"दोन माणसं," मी कुजबुजलो. "केशरी जॅकेटं. म्हातारे फार थकलेत."

"दोघेही म्हातारे का?"

"एकच!"

परत येतो तर सायलस जॅकेट काढून उलटं करत होते.

"पिक्सी लागल्यात मागे," ते म्हणाले. (पिक्सी म्हणजे या माळावरची खोडकर, बुटकी भुतं.) "वाट चुकवतायत. जॅकेट उलटं घातलं की सोडतात. माझ्या आईने घातलं, आजीने घातलं. चला, काढा!"

आता काय सांगू? 'नको बाबा, पथक केशरी रंग शोधतंय' असं? घातलं मुकाट्याने उलटं. आतलं अस्तर करडं. खडकही करडे. आम्ही पाठ टेकून बसलो आणि खडकच झालो.

अर्ध्या तासाने, जेमतेम वीस पावलांवरून आवाज आले.

"केशरी दिसतंय का काही?"

"छे! नुसते दगड!"

मी ओरडायला तोंड उघडलं. सायलस माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. गुडघ्यावरचा हात घट्ट झाला, स्वतःच्याच गुडघ्यावरचा.

मी तोंड मिटलं.

आवाज लांब गेले. आणि मग

(इथे मला नीट लिहिता येत नाही. तीनदा खोडलं.)

धुकं उठलं. एकदम नाही. आधी एक घोडी दिसली, शिंगरू पोटाशी घेऊन उभी. ती इतका वेळ आमच्या शेजारीच होती! मग हेदरची जांभळी झुडपं, डोंगरामागे डोंगर, त्यावर पळणारं ऊन. आणि खाली, खूप खाली, नदी. जगात आजच सोडल्यासारखी.

"दरवर्षी बघतो," सायलस हळूच म्हणाले. "दरवर्षी वाटतं, हे मागच्या वर्षी नव्हतं."

मी उठलो. डोळे नदीवर ठेवून एक पाऊल पुढे टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं दलदलीत गेलं, कमरेपर्यंत! घोट्यात काहीतरी कट्‌कन वाजलं, आणि मी अशी बोंब ठोकली की बचाव पथक धावत परत आलं.

मला स्ट्रेचरवर बांधलं. पथकाची प्रमुख ब्रायनी, दाराएवढी बाई, कागद बघत म्हणाली, "म्हातारे फार थकलेत, असं लिहिलंय. ते हेच ना?"

"हेच," सायलस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "जपून न्या. जावई आहेत."

"आणि तुम्ही, आजोबा?"

"मी समुद्राला निघालोय."

"एकटे? मी नाही सोडायची!"

"मग चल की! पण बडबड नको."

दिवस तिसरा

माहीत नाही. मी इस्पितळात होतो.

दिवस चौथा

फोन आला. "पोचलो. पाय पाण्यात आहेत."

"कसा आहे समुद्र, बाबा?"

त्यांनी फोन लाटांकडे धरला.

"मोठा आहे," ते म्हणाले.

त्यानंतर

रोवेनाने शब्द पाळला. बाबांचं घर बाबांचंच राहिलं. तरीही गेल्या सोमवारी ते एक्सेटरला आलेच. रोवेना दिवसभर कामावर, मी प्लास्टरमध्ये, मग मला बघणार कोण? रोज सकाळी ते मला दंडाला धरून अंगणात दोन फेऱ्या मारायला लावतात आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला सांगतात, "आता यांना एकटं ठेवणं काही बरं नव्हे!"