मोर, हत्ती आणि गंगाधरभाऊजी

आमच्या शेजारचे गंगाधरभाऊजी दुकानात मीठ मागायला आले, की आधी फुंकर मारतात. समोर माईक नसतो, मी असते. तरी फुंकर मारतात, हवेत बोटाने टकटक करतात आणि मग म्हणतात, "हॅलो, चेक. वैनी, मीठ द्या. उप्पु इव्वंडि. नमक दीजिए." पुडी हातात पडली की धन्यवादही तिन्ही भाषांत होतात. मी मराठी, ते मराठी, मधे फक्त मिठाची पुडी. पण सांगणार कोण?

भाऊजींचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. आमच्या बेला गावात कुणाचं लग्न असो, शेळी हरवलेली असो की नळाला पाणी येणार नसो, बातमी त्यांच्या गच्चीवरच्या भोंग्यातून येते. गाव महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरचं, कोण कुठल्या भाषेत ऐकतं याचा भरवसा नाही, म्हणून एकच गोष्ट ते तीनदा सांगतात. ती सवय पुढे घरात शिरली. त्यांची आमची भिंत एकच आहे. तिकडे त्यांना चहात साखर कमी वाटली, की इकडे मी माझा डबा उघडून बघते.

माझ्या नवऱ्याने एकदा धीर करून म्हटलं, "गंगाधरभाऊ, जरा हळू बोलत जा."

"हळू बोलाले जवळ कोणी लागते ना भाऊ," ते म्हणाले. आम्ही हसलो आणि विषय सोडून दिला.

धंद्यातला त्यांचा एक नियम मात्र पक्का होता: "माईक बंद, मंग गोष्टी." बटण बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय ते माईकजवळ शिंकतसुद्धा नसत.

भाऊजींची बायको मुलगी लहान असतानाच गेली. मुलगी मीरा हैदराबादला वसतिगृहात राहून वकिली शिकते. या उन्हाळ्यात तिला तिथल्या एका बड्या वकिली कंपनीत शिकाऊ म्हणून काम मिळालं, तेही घरी बसून, लॅपटॉपवर. मोठ्या कंपन्या एकमेकींना विकत घेतात म्हणे, त्यांचे करार वाचायचे आणि कुठे काय गोम आहे ते सांगायचं. काम पसंत पडलं, तर शेवटचं वर्ष संपताच नोकरी पक्की. भाऊजींनी ही बातमी भोंग्यावर दिली. मराठीत, तेलुगूत, हिंदीत, आणि तेलुगूत बरी झाली नाही म्हणून पुन्हा तेलुगूत.

मीराचं काम सुरू झालं आणि माणूस बदलला. सकाळपासून ते गल्लीच्या तोंडाशी उभे. भाजीवाल्याच्या गाडीवरचा कर्णा बंद करायला लावला. शेतावर निघालेल्या बैलांच्या घंटांमध्ये चिंध्या कोंबल्या. माझं शटर करकरतं म्हणून स्वतः येऊन तेल घातलं. कुणी काही बोलायला तोंड उघडलं, की बोट ओठांवर. "श्श! ऑफिस चालू हाय."

"बाबा, मले हेडफोन हाय ना! इतकं काऊन करून राह्यले?" मीरा आतून ओरडायची.

"तू बोलू नोको. तुह्यंच ऑफिस हाय."

आणि स्वतः ते कुजबुजायला शिकले. गाडी शिकणाऱ्या माणसासारखे घाम गाळत शिकले. दुकानात यायचे, फुंकर मारायची विसरायचे, आणि एकाच भाषेत, एकदाच म्हणायचे, "वैनी, मीठ." मला दोनदा "काय?" म्हणावं लागे. संध्याकाळी भिंतीपलीकडून बापलेकीचं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं यायचं, शब्द कळायचे नाहीत. माझी फार पंचाईत झाली.

शेवटच्या आठवड्यात मीराला मोठ्या मॅडमसमोर सगळं काम सांगायचं होतं. नेमका त्याच सकाळी हेडफोन बिघडला आणि लॅपटॉपचा आवाजही बसला. ती रडकुंडीला आली. भाऊजी मात्र खुलले. करारातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आवाज हा त्यांचा प्रांत. त्यांनी ॲम्प्लिफायर आणला, वायरी जोडल्या, लेकीपुढे चांगल्यातला माईक ठेवला. ॲम्प्लिफायरवर एक खटका आहे. तो इकडे केला की आवाज खोलीतल्या स्पीकरच्या डब्यात, तिकडे केला की गच्चीवरच्या भोंग्यात. आदल्या दिवशी गुरांना लस टोचायची दवंडी झाली होती. खटका तिकडेच राहिला.

मी तूरडाळ तोलत होते आणि आभाळातून इंग्रजी सुरू झालं. आधी मॅडम, मग मीरा, मग पुन्हा मॅडम. गल्ली गोळा झाली. मोठ्यांना काही उमजेना, पण शाळकरी पोरांना दोन शब्द सापडले.

"मोर हत्तीले विकत घेऊन राह्यला!"

"कितीत?" एका आजोबांनी गंभीरपणे विचारलं.

असल्या कामात कंपन्यांची खरी नावं बाहेर फुटू नयेत म्हणून टोपणनावं वापरतात, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर तिघं-चौघं आधारकार्ड घेऊन माझ्या दुकानात आले होते. नवी स्कीम आली असणार, फॉर्म कुठे मिळतो, असं विचारत होते.

मी तागडी टाकून धावले. दारात भाऊजी उभे, छाती फुगलेली, बोट ओठांवर. "श्श! ऑफिस चालू हाय. आवाज पाहा कसा भारी येऊन राह्यला!"

मी वर बोट दाखवलं. त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आत जाऊन त्यांनी वायरच उपटली.

मीराने सगळं ऐकून घेतलं. मग कुणी विचारायच्या आधी मोबाइल उचलून तिने मॅडमना सांगून टाकलं, की आपलं बोलणं लाऊडस्पीकरवरून गावभर गेलं. कुणी ऐकलं? सगळ्यांनी. काय समजलं? मोर आणि हत्ती. मॅडम "कळवते" एवढंच म्हणाल्या.

ते कळवणं काही येईना. भाऊजींचा आवाजच गेला. कुणाची म्हैस हरवली, तर त्याला त्यांनी घरोघर विचारायला पाठवलं. भोंग्यावर पोतं टाकलं. एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "वैनी, माह्या आवाजानं लेकराचं वाटोळं केलं." इतकी वर्षं त्या आवाजाला नावं ठेवणारी मी, भिंतीला कान लावून बसायला लागले.

एका दुपारी मीराच धावत दुकानात आली. मॅडमचं पत्र आलं होतं. चूक मोठी, पुन्हा होता कामा नये. पण चूक लपवली नाहीस, अशी माणसं आम्हाला हवी आहेत. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की रुजू हो.

"बाबाले सांगलं का?"

"सांगलं ना काकू. नुसते बसूनच राह्यले."

संध्याकाळी भोंग्यावरचं पोतं निघालं. फुंकर आली. "हॅलो, चेक." सगळी गल्ली ओट्यांवर आली, आता मीराची बातमी म्हणून. पण भाऊजींनी एका तांबड्या शेळीची बातमी दिली, तिन्ही भाषांत. मीराचं नावही नाही. मग खुर्ची करकरली, कप वाजला. माईक चालूच होता. आणि आम्ही भिंतीपलीकडून कधी नीट न ऐकलेला तो हळू आवाज आभाळातून आला.

"मीरे, तू गेल्यावर म्या कोणासंगं हळू बोलू वं?"

मीराचं उत्तर माईकपर्यंत पोचलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा भाऊजी, "रडू नोको. चहा घे, थंडा होऊन राह्यला."

ओट्यांवरून एकेक जण आवाज न करता आत गेला. आजोबांनी जाताना दार हळूच लावलं.

सकाळी भाऊजी दुकानात आले. फुंकर मारली, हवेत टकटक केलं. "हॅलो, चेक. वैनी, मीठ द्या. उप्पु इव्वंडि. नमक दीजिए." काल माईक चालू राहिला होता, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गल्लीत कुणीच त्यांना ते सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. मीठ दिलं आणि तिन्ही धन्यवाद नीट ऐकून घेतले.