उतरा जी, ब्रेकर आला

घनशामच्या गाडीत बसायचं असेल तर पायात मजबूत चप्पल हवी. ब्रेकर दिसला की तो गाडी बाजूला घेतो, हँडब्रेक ओढतो आणि बस कंडक्टरच्या थाटात म्हणतो, "उतरा जी, ब्रेकर आला." सगळ्यांनी उतरायचं, ब्रेकर पायी ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन उभं राहायचं. मग रिकामी गाडी खेकड्यासारखी तिरपी होते आणि एकेक चाक जपून चढवत येते. शेवटचं चाक उतरेपर्यंत घनशाम श्वास घेत नाही. मग म्हणतो, "बसा."

गाडी साधीच, लहान, जुनी. घनशामनं तिच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवली आहे. आत माणसं भरली की पोट जमिनीला घासतं. पैसे देऊन चांगल्या गाडीचं असं का करून घ्यायचं, हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं. तो माझा शेजारी, मी निवृत्त ग्रंथपाल. विचारायचा हक्क आहे असं मला वाटलं.

"गाडी बसली पायजे, सर," तो म्हणाला. "उंच गाडी कशी दिसते? शाळेतल्या मास्तरसारखी."



सडक अर्जुनीत घनशाम ओळखला जातो तो खरं तर धानाच्या मळणी मशीनमुळे. हंगामात ती मशीन पार चोरखमाऱ्यापर्यंत फिरते, त्याला पोसते आणि अंगणात चिखलानं माखून उभी राहते. तिच्यावर त्यानं कधी बादलीभर पाणी ओतलेलं मी पाहिलं नाही. गाडी मात्र रोज पुसली जाते, आणि तीही आधी चाकं, मग उरलेली गाडी. माणूस समोरून आला तर घनशाम त्याच्या तोंडाकडे नंतर बघतो, तो कशावर बसून आला ते आधी. "चाक म्हणजे गाडीचा चेहरा," हे त्याचं आवडतं वाक्य. स्वतःच्या चेहऱ्यावर दाढी आठवडा आठवडा वाढलेली असते, ते वेगळं.

एकदा त्याच्या चुलतभावाची वरात याच गाडीतून निघाली. कोहमाऱ्याच्या चौकाआधी ब्रेकर आला. घनशामनं नियम मोडला नाही. बाशिंग बांधलेला नवरदेव लिंबू टोचलेली कट्यार हातात धरून खाली उतरला आणि ट्रकांच्या रांगेपुढून चालत गेला. ढाब्यावरच्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.

"काऊन रे घनशाम," नवरदेवाची आई मागच्या जीपमधून ओरडली, "माह्या पोराले लग्नाआधीच पायी चालवून राहिला?"

"नवरदेव झाला म्हणून वजन कमी होते काय, काकू?" घनशाम म्हणाला, आणि गाडी तिरपी केली.

एवढं खाली गेल्यावर माणसाचं समाधान व्हावं. पण मग त्याला मोठी चाकं हवीशी वाटू लागली. मूळची चाकं चौदा इंची. याला हवी सतरा इंची, मॅगव्हील, बारीक काड्यांची. कशी दिसतील हे बघायला त्यानं बियाण्याच्या खोक्यांचे गोल कापले, त्यांना चंदेरी रंग दिला, वर बारीक काड्या काढल्या आणि ते चारी चाकांवर चिकटवले. मग रस्त्यापलीकडच्या नालीच्या कठड्यावर बसून एक डोळा मिटून बघत राहिला. मलाही बोलावलं.

"पाहा बरं सर, चेहरा खुलला का नाई?"

पुढच्या चाकावर रंगाखालून 'कोरड्या जागी ठेवा' एवढं वाचता येत होतं. मी ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बकरीनं मागचं डावं चाक खाल्लं.

माझी बायको सुमन ओट्यावरून सगळं बघत असे. तिच्या जिभेला घनशाम म्हणजे मेजवानी होती.

"भाऊजी, आधी गाडी बसवली, आता उभी करून राहिले काय?"

"नाई जी वहिनी. उंची तेवढीच राहते. चाक मोठं घेतलं तं टायर पातळ घ्यावा लागते, नाईतं वळताना मडगार्डले घासते. लोखंड वाढलं का रबर कमी. दोन्ही नाई भेटत."

"मंग पातळ टायरनं होते काय?"

"लूक येते."

"आनि?"

"आनि खड्डा समजते," तो जरा ओशाळून म्हणाला.

याच दिवसांत सुमनची पाठ दुखू लागली. मणक्याचं दुखणं म्हणून ते सुरू झालं. ते मणक्याचं नव्हतं, पण हे कळायला वेळ लागला. गोंदियाला दवाखान्यात वरचेवर जावं लागे. बसची पायरी तिला चढवेना. एका ओळखीच्यानं मोठी उंच जीप आणली, तिच्यात चढताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मी जीप परत पाठवली. घनशाम अंगणात चाक पुसत होता. तो उठला, त्यानं आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. सीट खाटेएवढीच उंच होती. सुमन नुसती बसली आणि पाय आत घेतले. माणसाचा मूर्खपणा कधी कोणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

पहिला ब्रेकर आला. "उतरा जी," घनशाम म्हणाला. सुमननं दाराला हात लावला.

"तुम्ही नाई, वहिनी. सर उतरतीन."

तेव्हापासून गोंदियाच्या रस्त्यावरचा प्रत्येक ब्रेकर मी पायी ओलांडला. ती मागच्या सीटवर मंत्र्यासारखी बसून काचेतून मला हात हलवायची. पलीकडे पोचल्यावर घनशाम मान न वळवता, वरच्या आरशात बघून विचारी, "दचका बसला काय, वहिनी?"

"गाडीले विचारा. मी मजेत हाय."

आम्हाला दवाखान्यात सोडून तो चाकांच्या दुकानात जाई. परत येई तो रिकाम्या हातानं. एकदा म्हणे डिझाईन जुनं, एकदा रंग मेलेला, एकदा काड्या जाड. सतरा इंचांचं वेड काही उतरत नव्हतं. वाटेत कुठे तसं चाक दिसलं की तो बोलता बोलता थांबायचा. पण घ्यायची वेळ आली की नाक मुरडायचा. घनशामचं लग्न झालेलं नाही. मी एकदा गाडीतच म्हणालो, "मुलीही तू अशाच नापसंत केल्या असशील." तो हसला. सुमननं मागून माझ्या खांद्यावर चापट मारली. चापटीत जोर उरलेला नव्हता.

ती पावसाळ्याच्या शेवटी गेली.

तेरवीनंतर माणसं आपापल्या घरी गेली. मी पुस्तक उघडून बसे आणि तेच पान वाचत राही. एका सकाळी घनशाम दारात आला.

"सर, चला गोंदियाले. चाकं पाहून येऊ."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळाले कायले पायजे? चेहरा पाहाचा हाय."

मी गेलो. पुढे, त्याच्या शेजारी बसलो. मागची सीट रिकामी होती. वाटेत मी दोन-तीनदा उतरलो, ब्रेकर ओलांडले, पुन्हा बसलो.

दुकानदारानं घनशामला बघताच आतून एक चाक काढून आणलं आणि फडक्यानं पुसलं. सतरा इंची, बारीक काड्यांचं, खोक्याच्या गोलावर त्यानं काढलं होतं तसंच. वर पातळ काळ्या रबराची पट्टी. मला त्यातलं कळत नाही, पण चाक देखणं होतं.

"आज लगवा ही लो, भैया," दुकानदार म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साहब, आप ही समझाओ इनको. माल पसंद है, भाव पसंद है. हर बार पीछे के दोनों चढ़वाते हैं, मेरे आदमी को गाड़ी चलाने बोलते हैं और खुद पीछे जाके बैठते हैं. एक चक्कर मारके आते हैं और बोलते हैं, निकाल दो, पीछे झटका लगता है. अरे, मालिक को तो आगे बैठना है!"

घनशाम चाकाकडे बघत होता. त्यानं वाकून अंगठ्यानं टायर दाबला. दाबला जाईना.

"लगा दूँ?"

"नाई," घनशाम म्हणाला. "मागं दचका बसते याच्यात."

"मागं आता कोण बसतं, घनशाम?" मी विचारलं.

त्यानं अंगठा पँटला पुसला. "रबर कमी हाय, सर," एवढंच म्हणाला, आणि गाडीकडे चालू लागला.

शहर संपलं. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत चाललं होतं. पहिला ब्रेकर आला, गाडी बाजूला थांबली, हँडब्रेक ओढला गेला. मी सवयीनं दार उघडून एक पाय खाली टाकला.

"बसा जी, सर," तो म्हणाला. "दोघात पोट नाई लागत."

मी त्याच्याकडे पाहिलं. सकाळी येताना त्यानंच मला उतरवलं होतं. मी पाय आत घेतला, दार लावलं. गाडी तिरपी झाली. एक चाक चढलं, उतरलं, मग दुसरं. पोट घासल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होतो. आला नाही. इतके दिवस माझ्या जागी ती असायची आत, आणि मी रस्त्यावर. वजन दोघांचंच व्हायचं. तेवढंच आजही होतं.

चौथं चाक उतरलं. घनशामनं श्वास सोडला, वरच्या आरशात बघितलं आणि विचारलं,

"दचका बसला काय?"

तो मला विचारत नव्हता. पण गाडीत उत्तर द्यायला मीच होतो.

"नाही," मी म्हणालो. "मजेत हाय."