लोकर घालून येजा

फोन खरखरत होता. मंडळाचे अध्यक्ष अण्णाजी बोलत होते. बंडूजींना ऐकू आलं ते असं: "मिरवणुकीत सरदार तुमीच. आयतवारी अंगरखा लोकर घालून येजा."

बोरगाव मेघेत बंडूजींचं हार्डवेअरचं दुकान. घोड्यावर बसायची हौस जुनी, घोडा आत्ता मिळाला. त्यांनी घरातल्या दोन घोंगड्या टेलरकडे नेऊन टाकल्या.

"भादवा हाय," बायको अनुसयाबाई म्हणाल्या. "डब्यातले पापड मऊ पडून राह्यले, अन् तुमी घोंगडी घालता?"

"इतिहासात टेरिकॉट नव्हतं. पयले लोक पावसात घोंगडीच घेत."

"डोक्यावर घेत. शिवून नाई घालत."

अंगरखा कोरडा.

रविवारी आरशात सरदार दिसला. आधी मान खाजवणारा. मग पाठ. मग जे सरदारानं चारचौघांत खाजवू नये ते.

दमट.

कोपऱ्यावर भुरभुर लागली. ऑटोवाल्यानं नाक मुरडलं. "काकाजी, संग बकरी हाय का?"

"मेंढा हाय," अनुसयाबाई म्हणाल्या. "बोलते फक्त."

ऑटो निघून गेला. मिरवणूक सिंदी मेघेत; तिथपर्यंत पायीच.

ओला.

अंगरखा पाणी प्याला. बाह्या गुडघ्यांपर्यंत आल्या, घेर रस्त्यावर लोळू लागला. चार पावलं, की थांबा. थांबले, की अनुसयाबाई मागून घेर पिळायच्या.

"इतिहास जड असते," बंडूजी धापा टाकत म्हणाले.

"मंग उतरवा."

"खाली बनियन हाय."

"बनियन वाळते तरी."

चौकात पोचले तेव्हा मिरवणुकीची शेपटी दिसली. घोड्याचीही. घोड्यावर गल्लीतला पोरगा आदेश, पडद्याच्या चमचमत्या कापडात, एकदम ऐटीत. आणि कोरडा, कारण मागून एकानं छत्री धरली होती.

अण्णाजी मागे राहिले होते. "काऊन उशीर केला? फोनवर एकच गोष्ट सांगतली होती तुमाले."

"अन् मी तेच केलं. लोकर घातली."

अण्णाजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाहीतून धार लागली होती.

"लौकर, बंडूजी. लौकर घालून येजा म्हटलं होतं."

बंडूजींनी बाही पिळली. मग म्हणाले, "नीट बोलत जा. इतिहास असाच बिघडते."

अनुसयाबाईंनी घेर शेवटचा पिळला आणि चालू लागल्या. "घरी चला आता. लौकर."

"लौकर कसा येऊ?" बंडूजी मागून ओरडले. "लोकर घातली हाय."