ताण नावाचा अडथळा

सन पासष्टच्या चैत्रात प्रकाशा गावाला वीज आली. आली म्हणजे खांब आले, तारा आल्या आणि तापीकाठी रतिलालच्या केळीच्या बागेत आल्यावर त्यांनी बसकण मारली. मोटर बसवलेली होती, नदी हाकेवर होती आणि केळी मात्र माना टाकत होती. बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला.

"साहेब, मन्ही केळ वाळी ऱ्हायनी. आते अडकनं काय?" त्याने वीजसाहेबांना विचारले.

"शब्द," साहेब गंभीरपणे म्हणाले. "खांबावरच्या धोक्याच्या पाटीत 'टेन्शन' हा इंग्रजी शब्द आहे. कारभार आता मराठीत. मराठी पाटीशिवाय प्रवाह सोडणे नियमबाह्य."

"मंग ताण लिखा ना. आम्ही बी ताण म्हनतस, सुरतमा बी ताणच म्हनतस."

साहेबांनी हा शब्द धुळ्याच्या शब्दनिश्चिती समितीकडे धाडला. समितीने सखोल विचार केला. एका सदस्याच्या मते 'टेन्शन'चे मूळ लॅटिनमध्ये होते, अर्थ ओढणे. दुसऱ्याने ग्रीक पुढे केले. तिसऱ्याने संस्कृतातला 'तन्' धातू काढून ही सगळी एकाच घरची भावंडे असल्याचे सिद्ध केले. सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले आणि 'ताण' एकमताने फेटाळला. शेरा असा होता: 'शब्द शेतकऱ्यास समजतो. सबब पारिभाषिक नव्हे.'

शेरा ऐकून रतिलाल मनापासून हसला. माणूस व्यवहारी होता. गुजरांच्या घरात जन्मून कचेरीशी हुज्जत घालण्यात बागायत घालवणारा नव्हता. तो थेट तापीच्या संगमावरच्या देवळात गेला. पुजाऱ्यापुढे केळ्यांचा घड ठेवून म्हणाला, "महाराज, ताणकरता असा शब्द द्या, कोनलेच समजाले नको."

पुजाऱ्याने डोळे मिटून 'अतिप्रविततविद्युद्दंड' दिला. समितीने तो त्याच दिवशी 'सुलभ व लोकाभिमुख' म्हणून मंजूर केला. पाटी लागली, मोटर गुरगुरली, बागेत पाणी खळाळले. रतिलालला इतका आनंद झाला, की त्याने गावभर गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी जसोदाबाई बागेत आली, तर नवरा पाटीला कुंकू लावत होता.

"काय लिखेल शे?" तिने विचारले.

"माले काय मालूम? काहीतरी मोठं शे. लांबून हात जोड."

तिने जोडले. देवळाकडे जाणारे यात्रेकरूही जोडू लागले. खांबाला कोणी शिवेना; सुरक्षेचा हेतू शंभर टक्के सफल झाल्याचा अहवाल साहेबांनी वर पाठवला.

वाचकहो, या अडाण्यांना खुशाल हसा. फक्त तो लांबलचक शब्द आला तेव्हा तुम्हीही तो न वाचताच पुढे सरकलात, आणि मान तेवढी डोलावलीत.