मागच्या सीटवर गिरजाबाई

कप नागपूरला जाऊच देत नाही, असं हरिदासने अख्ख्या सावली गावाला सांगून टाकलं होतं. चहाच्या टपरीवर सांगितलं, सलूनमध्ये सांगितलं, एसटी स्टँडवर सांगितलं. गुरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. तिथे इंजेक्शन घ्यायला आलेल्या बैलांनाही हे ऐकूनच घरी जावं लागलं.

हा कप होता मोटरसायकलच्या शर्यतीचा. गोष्ट सन पंच्याऐंशीची. नागपूरच्या एका क्लबला कुणीतरी सांगितलं, की धानाची कापणी झाली की सावलीकडे मोकळ्या बांध्याच बांध्या, म्हणजे रिकामी खाचरं, पडलेल्या असतात. क्लबवाले आले. त्यांनी मधले मातीचे धुरे फोडून गोल रस्ता केला, चुन्याच्या रेघा मारल्या, वळणावळणावर वाळक्या तणसाचे भारे रचले आणि त्याला सर्किट म्हणायला लागले. बघायला रोज निम्मं गाव जायचं.

"हे सर्किट जाते कुठी?" देवाजीने विचारलं.

"कुठीच नाई जात. फिरून फिरून तिथीच येते," लच्छू मिस्त्री म्हणाला.

"मंग एवढे धुरे काऊन फोडले?"

लच्छू फोडलेल्या धुऱ्याची माती पायाने सारखी करायला लागला. उत्तर हरिदासकडे होतं, पण देवाजीपुढे तो तोंड उघडत नसे. देवाजीची मुलगी सत्यशीला बालवाडीत शिकवायची. तिचं आणि हरिदासचं आपसात ठरून गेलं होतं. देवाजीचं नाही नव्हतं, पण होही नव्हतं. त्या घरातलं हो देवाजीच्या मोठ्या बहिणीकडून, म्हणजे गिरजाबाईंकडून यायचं. त्या पलीकडच्या खेड्यात राहायच्या आणि शनिवारच्या बाजारात येऊन आपला निर्णय सांगणार होत्या. शर्यतही नेमकी त्याच शनिवारी होती.

हरिदासला तर हा योग सोन्यासारखा वाटला. आत्याबाई बाजारात पाय ठेवतील आणि लाउडस्पीकरवरून आपलं नाव घुमेल! नुसत्या कल्पनेने तो दोनदा दाढी करून आला.

"पह्यले नाई आले तरी चालते," सत्यशीलाने बजावलं. "पण शेवटचे नका येऊ. आत्याच्या मनात आधीच हाय का पोरगा गुरांच्या मागं फिरते. आज हसं झालं तं संपलं सगळं."

नागपूरच्या गाड्या म्हणजे नुसते सांगाडे होते. दिवे काढलेले, हॉर्न काढलेले, मडगार्ड उतरवलेले. हरिदासची राजदूत मात्र रोजच्या रस्त्यावरची. तिला कॅरियर होतं, साडीगार्ड होतं, औषधांची पेटीही होती. लच्छू पाना घेऊन आला, तेव्हा हरिदासने पेटीच तेवढी काढू दिली.

"दिवे तरी काढू दे. वजन कमी होईन."

"आन कप घेऊन घरी अंधारात येऊ काय?"

शर्यत सुटली आणि सावलीने असा धुरळा कधी पाहिला नव्हता. हरिदासचे हात पक्के होते. धुऱ्याच्या कुठल्या खाचेत चाक कसं घालायचं, हे त्याला नागपूरकरांपेक्षा चांगलं कळत होतं. हे सर्किट म्हणजे गुरं तपासायला जायचा त्याचा नेहमीचाच रस्ता, फक्त गोल केलेला. नागपूरकरांची एक येझदी मागे पडली, मग दुसरी. धुरळ्यात दिसेना म्हणून त्याने दिवा लावला आणि तिसऱ्याला हॉर्न देऊन मागे टाकलं. लाउडस्पीकरवर नाव घुमलं, "सावलीचे हरिदास तिसऱ्या नंबरावर!" आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

आणि मोहाच्या झाडाजवळच्या वळणावर कुणीतरी हात केला.

आता त्या मुलखाची रीत अशी, की रस्त्यावर हात केलेल्या माणसाला सोडून गाडी पुढे जात नाही. एसटी दिवसातून एकदा येते, तीही आली तर. हरिदासचा पाय त्याला न विचारताच ब्रेकवर गेला. धुरळा खाली बसला, तर समोर डोक्यावर कोंबड्यांचं टोपलं घेतलेल्या गिरजाबाई उभ्या! बाजाराची त्यांची नेहमीची पांदण या सर्किटने मधोमध कापली होती.

"बाजारात सोड रे बाबू. कवाची हात करून राह्यली, एक मेला थांबून नाई राह्यला."

"आत्याबाई, शर्यत हाय ना."

"मंग लवकर चाल."

त्या बसल्यासुद्धा. टोपलं त्यांनी दोघांच्या मधे ठेवलं, त्यामुळे कोंबड्यांच्या चोची हरिदासच्या पाठीला लागायला लागल्या. मागे टाकलेल्या येझद्या एकामागून एक पुढे निघून गेल्या आणि सावलीचा तिसरा नंबर सर्वात शेवटी आला. क्लबच्या मंडपासमोरून जाताना लाउडस्पीकर चाचरत म्हणाला, "सावलीच्या गाडीवर... दोन स्पर्धक दिसत आहेत." सत्यशीलाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

गिरजाबाई मात्र खुशीत होत्या. "रस्ता चांगला केला सरकारनं," त्या म्हणाल्या. "तू देवाजीकडं येते थो गुरांचा डॉक्टर ना?"

"हो, आत्याबाई."

तेवढ्यात मोहाचं झाड आलं.

"थांब," गिरजाबाई म्हणाल्या. "हे तं मघाचंच झाड होय. मी इथीच तं बसली होती."

"हे सर्किट असते आत्याबाई, गोल..."

"तुले सावलीचा रस्ता मालूम नाई? मले म्हातारीले जिथून उचललं तिथीच आणून ठेवते, तं पोरीले कुठी नेशीन?"

हरिदासने एकदा वळून पाहिलं. मंडपात कप चकाकत होता आणि मागे अख्खा संसार टोपलं धरून बसला होता. त्याने दात आवळले, तणसाचे दोन भारे उडवले आणि गाडी सर्किटबाहेर काढून सावलीच्या रस्त्याला लावली.

इकडे एक फेरी पुरी करून नागपूरकर मागून येत होते. धुरळ्यात त्यांना स्वतःचा हात दिसेना की वळण दिसेना. दिसत होता फक्त राजदूतचा मागचा लाल दिवा. दिवा होता म्हणजे पुढे गाडी होती, आणि गाडी होती म्हणजे रस्ताही होताच. पहिला त्या दिव्यामागे गेला, दुसरा पहिल्यामागे, आणि बाकीचे सगळे त्यांच्यामागे.

भर बाजारात सुक्या झिंग्यांच्या दुकानापाशी हरिदासने ब्रेक लावला. गिरजाबाई उतरून पदर झटकत होत्या, तेवढ्यात हेल्मेटवाल्यांची रांग आरडत-ओरडत येऊन त्यांच्यामागे थांबली. एकाच्या चाकात लसणाची माळ होती.

पहिल्याने काच वर केली. "भाईसाब, फिनिश किधर है?"

"इथीच," गिरजाबाई म्हणाल्या. मग तांदळाच्या ढिगामागून उठलेल्या भावाकडे आणि जमलेल्या बाजाराकडे वळल्या. "देवाजी, पाहून घे. नागपूरचे सारे मागून आले. हा सगळ्याच्या पुढं होता, मी सोता बसून होती."

मागोमाग जीपमधून क्लबचे सेक्रेटरी आले. रागाने ते लाल झाले होते. त्यांनी हरिदासला शर्यतीतून बाद केलं आणि पुढच्या जन्मीच्या शर्यतींतूनही केलं. कप नागपूरला गेला. धापा टाकत आलेल्या सत्यशीलाने हरिदासचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि तिचेही डोळे भरून आले.

"रडते काऊन?" गिरजाबाई म्हणाल्या. "माह्यासाठी कोणी थांबला नाई, हा थांबला. जिंकणं टाकून थांबला. यापरीस आनखी काय पाहाचं असते? माह्याकडून हो हाय."

हरिदासला वाटलं, गाडीसकट उडी मारावी. त्याने वाकून आत्याबाईंना नमस्कार केला.

"पण एक सांगतो," त्या म्हणाल्या. "पोरीले या गाडीवर बशीवशीन तं याद राख. रस्ते मालूम नाईत तुले. एसटीनं नेजो."

बुद्धपौर्णिमेला लग्न लागलं. नवरदेव नवरीला घेऊन खच्चून भरलेल्या एसटीत दारापाशी एका पायावर उभा होता. मागून हॉर्न वाजला म्हणून त्याने वाकून पाहिलं. त्याचीच राजदूत एसटीला बाजू मागत होती. चालवत होता लच्छू आणि मागच्या सीटवर गिरजाबाई होत्या, लच्छूच्या पाठीत बुक्की मारून म्हणत होत्या, "काढ ना समोर!"